समुद्रफुलाचं पाणी

तेराव्याच्या जेवणाला गेलेला माणूस झाकण लावलेली बादली घेऊन परत येतो, हे कुशाबांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते फाटकातच उभे राहिले. भूगावातला हा बंगला त्यांचा. वर ते स्वतः राहत आणि खाली भाड्यानं शैलेश आणि सुलक्षणा, परभणीकडून नोकरीपायी आलेलं जोडपं.

"सायेब, दुखवट्याच्या घरातनं काय आणू नये," कुशाबा म्हणाले. "काय हाय त्यात?"

शैलेशनं झाकण उचललं. खाऱ्या पाण्याच्या तळाशी एक पांढुरका गोळा पडला होता, पाण्यात विसरलेल्या कणकेसारखा. त्याच्या कडेनं मऊ बोटं लोंबत होती आणि मधोमध एक भोक वासून उघडं पडलं होतं.

"ह्ये जितं हाय?"

"आहे अजून," शैलेश म्हणाला आणि घाईनं आत गेला, कारण पुढे काही बोलला असता तर फाटकातच रडला असता.

ते समुद्रफूल होतं, फुलासारखा दिसणारा समुद्रातला जीव. अमोघचं. अमोघ आणि शैलेश हिंजवडीला एकाच कंपनीत शेजारी शेजारी बसायचे आणि दोघांनाही एकच खूळ होतं, घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून समुद्रातले जीव पाळायचं. मुळशी तालुक्यात समुद्र पाळायचा म्हणजे वाळवंटात होडी बांधण्यातला प्रकार, असं सुलक्षणा म्हणायची. पण दोघांनी टाक्या उभ्या केल्या होत्या, शैलेशनं भूगावात आणि अमोघनं पौडला, वडिलांच्या घरी. अमोघच्या टाकीत हे फूल चार वर्षं जगलं होतं. तो हातानं त्याला कोळंबी भरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, काल बाईसाहेबांनी किती खाल्लं, ते सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरी लेक आहे.

मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी अमोघची मोटरसायकल खडीच्या डंपरखाली गेली.

पौडच्या घरी त्याचे वडील अण्णासाहेब एकटेच उरले. आई आधीच गेलेली. माणसं आली, बसली, उठली. टाकीच्या पंपाची घरघर दुखवट्याच्या घरात बरी दिसत नाही म्हणून कुणा पाहुण्यानं बटण बंद केलं. कुणाचं चुकलं म्हणावं? त्या घरात माणसांनाच जेवायची शुद्ध नव्हती, माशांची कोण घेणार! चौथ्या दिवशी मासे मेले. पाणी नासलं. तेराव्याला शैलेश गेला तेव्हा अण्णासाहेब टाकीसमोर स्टुलावर बसले होते.

"हे हलतंय," ते म्हणाले. "बघ, जरा जरा हलतंय. त्याच्या हातचं घरात एवढंच जितं राहिलंय." मग शैलेशचा हात धरून म्हणाले, "तुला यातलं कळतं. एवढं जगव. मला दुसरं काही नको."

शैलेशनं "जगवतो" म्हटलं. असं म्हणू नये हे त्याला तेव्हाच कळत होतं, पण त्या माणसासमोर दुसरं काय म्हणणार?

नासक्या पाण्यातून आलेला जीव सरळ आपल्या टाकीत सोडला तर त्याचा रोग सगळ्यांना लागतो. म्हणून नव्यानं आणलेलं काहीही आधी वेगळं ठेवायचं, निदान दोन-तीन आठवडे. शैलेशनं मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी, चाळीस लिटरचा टब मांडला. त्यात छोटा पंप, वर दिवा आणि फुलाला पाय रोवायला मातीची एक बशी. कुशाबा जिन्यावर बसून हा थाट बघत होते.

"बाजारातनं बैल आणला की आमी बी पंधरा दिस गोठ्याबाहेर बांधतो," ते म्हणाले. "पर बैलाला येवढी लाईट लावत न्हाई."

औषध म्हणून माणसांचीच गोळी होती, सिप्रोफ्लॉक्सॅसिन. इंटरनेटवर परदेशातल्या एका हौशी माणसानं सगळी रीत लिहून ठेवली होती: रोज संध्याकाळी टबातलं सगळंच्या सगळं पाणी बदलायचं, नवं पाणी भरायचं, गोळी कुटून त्यात विरघळवायची. असं दहा दिवस. औषधाच्या दुकानदारानं "जुलाब कुणाला होतायत?" म्हणून विचारलं आणि जुलाबाला दोन औषधं एकत्र असलेली गोळी जास्त चांगली म्हणून गळ घातली. जुलाब फुलाला होतायत असं सांगायची सोय नव्हती. शैलेशनं साधीच गोळी मागून घेतली.

खरी मेहनत पाण्याची होती. फिल्टरचं शुद्ध पाणी रात्रभर टबाशेजारच्या पिंपात जमवायचं, सकाळी कामावर जायच्या आधी त्यात समुद्राचं मीठ घालायचं आणि पंप लावून दिवसभर घुसळत ठेवायचं. मीठ घातल्या घातल्या पाणी ताकासारखं पांढरं होतं, मग तासा-दोन तासांत निवळतं. पण दिवसा वीज जायची. पंप बंद पडायचा आणि पाणी दुपारपर्यंत पांढरंच राहायचं. शैलेशला त्याची फिकीर नव्हती. संध्याकाळपर्यंत पुरेसा वेळ होता.

पहिल्या दोन दिवसांत चमत्कार झाला म्हणायला हरकत नाही. वासलेलं तोंड मिटलं. दुसऱ्या संध्याकाळी फुलानं मातीच्या बशीला पाय घट्ट धरला आणि बोटं फुगवून दिव्याकडे केली. शैलेशनं पौडला फोन लावला.

"काका, त्यानं पाय धरला."

अण्णासाहेब म्हणाले, "मी येऊन बसलो तर चालेल? नुसता बसेन. घरात दिवस जात नाही रे."

तिसऱ्या दिवसापासून ते येऊ लागले. सकाळी पौडहून एस.टी. धरायची, दहाला भूगावात उतरायचं, संध्याकाळी पाचच्या गाडीनं परत. शैलेश आठलाच निघून गेलेला असायचा. सुलक्षणा एका शाळेच्या कार्यालयात होती, ती साडेदहाला त्यांना चहा देऊन बाहेर पडे. पहिल्या दिवशी तिनं चहाबरोबर खारी ठेवली, तर त्यांनी बशी हातानं लांब सारली.

"त्या दिवशी मीच फोन केला होता त्याला," ते म्हणाले. "म्हटलं, येताना पिरंगुटवरून खारी आण. एरवी तो घोटवड्यावरून सरळ घरी यायचा. माझ्या जिभेसाठी तो तिकडं वळला. पोराला मी मारलं, सूनबाई."

सुलक्षणानं ते शैलेशला सांगितलं तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या कट्ट्याला धरून उभी होती. त्या घरात पुन्हा खारी आली नाही.

शैलेशनं अण्णासाहेबांना एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "काका, टबात काहीही घालायचं नाही. हातसुद्धा नाही. हा जीव फार नाजूक आहे."

"नाही रे बाबा. मी लांबून बघेन."

आणि त्यांनी शब्द पाळला. टबात त्यांनी कधी बोटही घातलं नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शैलेश आला तर फूल मिटून बसलेलं. पाचव्या दिवशी बशीवरचा पाय सुटला. सहाव्या दिवशी तोंड पुन्हा वासलं आणि त्यातून तपकिरी तार लोंबू लागली. त्यानं ती रीत पुन्हा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. गोळीची मात्रा बरोबर होती. खारटपणा मोजला, बरोबर. उष्णता बरोबर. आणि पाणी तर असं नितळ की पिंपाचा तळ दिसावा. तळाशी पांढरा गाळ बसायचा तेवढा. न विरघळलेलं मीठ असेल, म्हणून तो वरचं पाणी अलगद नळीनं काढून घ्यायचा. सगळं बरोबर आणि फूल मरत होतं. माणूस चुकला तर चूक शोधता येते, पण काही चुकलेलंच नसेल तर हात कुठे घालायचा?

मग घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं, सगळं दुप्पट. सातव्या दिवसापासून पाणी सकाळीही बदलायला लागला. सकाळी लागणारं पाणीही आदल्या दिवशीच दुसऱ्या पिंपात कालवून ठेवायचा. जितकं ताजं पाणी जास्त, तितका रोग लवकर धुतला जाईल असा त्याचा हिशेब. ताजं पाणी पडलं की फूल आक्रसून सुपारीएवढं व्हायचं. तो टबापाशी उकिडवा बसून "खा रे, एवढं तरी खा" म्हणत कोळंबीचा तुकडा पुढे धरायचा. तुकडा खाली पडायचा.

"शैलेश, ऐक," सुलक्षणा म्हणाली. "नाही जगलं तर?"

"असं बोलू नकोस."

"अरे, पण काकांना तयार तरी—"

"त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आहे!" तो ओरडला. आवाज वर कुशाबांपर्यंत गेला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "एकच, सुलक्षणा. आणि मी हो म्हटलंय."

दर संध्याकाळी अण्णासाहेबांचा पौडहून फोन यायचा. "आज मला जरा बरं वाटलं ते," असं ते म्हणत. रंग जाऊन काचेसारख्या झालेल्या बोटांमध्ये त्यांना कुठे बरं दिसत होतं देव जाणे. शैलेश "हो काका" म्हणायचा.

नवव्या दिवशी शैलेशचं कामात लक्ष लागेना. शेजारच्या खुर्चीवर आता दुसराच कुणी बसत होता आणि मोठमोठ्यानं फोनवर बोलत होता. दुपारी एकला तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला. फाटकात कुशाबा पावट्याच्या वेलाला काठी बांधत होते.

"आज लवकर? बरं झालं. तुमचं काका लई गुनाचं बगा, सायेब."

"का? काय झालं?"

"व्हायचंय काय! रोज येत्यात, पिंपातलं पानी बघत्यात आन् तुरटी फिरवत्यात. लई मन लावून. म्या म्हनलं, द्या हिकडं, मी फिरवतो. तर म्हनले, न्हाई, ह्ये माझं काम हाय."

शैलेशचे पाय जागच्या जागी थांबले.

अण्णासाहेब पाणीपुरवठ्याच्या शुद्धीकरण केंद्रात नोकरीला होते. एकतीस वर्षं. हे त्याला माहीत होतं. अमोघच कौतुकानं सांगायचा: पुराच्या दिवसांत बाबा तीन-तीन दिवस घरी येत नसत, नदीचं लाल पाणी आलं की बाबा नुसतं बघून सांगायचे, तुरटी किती लागेल ते. हे सगळं शैलेशला माहीत होतं आणि तरी त्यानं त्या माणसाला गढूळ पाण्याच्या पिंपाशेजारी दिवसच्या दिवस बसवलं होतं. टबात काही घालू नका म्हणून सांगितलं होतं. पिंपाचं नावही काढलं नव्हतं.

तो घराला वळसा घालून पडवीच्या कोपऱ्याशी आला. अण्णासाहेबांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत गुंडाळली होती. हातात पेढ्याएवढा तुरटीचा खडा. तो खडा ते पिंपातल्या पाण्यात फिरवत होते, उजवीकडे सात वेळा, डावीकडे सात वेळा, कुठे लाट उठू न देता. तोंडानं आकडे मोजत होते. तेरा दिवसांच्या त्या घरात आणि नंतरही शैलेशनं त्यांचा चेहरा इतका शांत पाहिला नव्हता. आकडे संपले तसा त्यांनी हात बाहेर काढला, खडा पंच्यानं पुसला आणि पाण्याकडे बघत उभे राहिले.

तुरटीत अॅल्युमिनियम असतं. माणसाच्या पाण्यात त्यानं काही बिघडत नाही, पण समुद्रफुलाला ना खवलं ना कातडी. सगळं अंग म्हणजे नुसता उघडा मऊ मांसल पडदा, पाण्यात असेल ते आत जातं. सहा दिवस त्याला विषात बुडवलं होतं आणि घाबरून गेल्यावर दिवसातून दोनदा. खडा अण्णासाहेबांनी फिरवला आणि ते पाणी टबात ओतलं शैलेशनं.

राग आला. खोटं कशाला बोला, शैलेशच्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुढे होऊन तो खडा हिसकावून भिंतीवर फेकावा. सांगितलं होतं ना, काही घालू नका! त्यानं एक पाऊल टाकलंही. तेवढ्यात अण्णासाहेबांनी वळून पाहिलं.

"आलास? बरं झालं. हे बघ." ते टबाकडे नाही, आधीच निवळलेल्या दुसऱ्या पिंपाकडे बोट दाखवत होते. "सकाळी चुन्याच्या पाण्यासारखं होतं. घटकाभरात कसं झालं बघ! आमच्या केंद्रावर म्हणायचे, अण्णाच्या पाळीचं पाणी ओळखू येतं." मग जरा ओशाळून म्हणाले, "टबात नाही हं घातलं काही. तू सांगितलं होतंस. म्हटलं, औषध तू बघतोयस, निदान पाणी तरी आपण चांगलं देऊ. अमोघसाठी तेवढं तरी."

सुलक्षणानं सांगितलेला, खारीची बशी लांब सारणारा हात शैलेशच्या डोळ्यांसमोर आला. हा माणूस एकदा आपल्या मुलाला मारलंय असं समजून बसला आहे. त्याला आता दुसऱ्यांदा तेच सांगायचं?

"छान आहे, काका," तो म्हणाला. "तुम्ही आज लवकरची गाडी धरा. पाऊस येईल असं वाटतंय."

आभाळ स्वच्छ होतं. अण्णासाहेब पिशवी उचलून गेले.

ते वळणाआड गेले तसा शैलेशनं पिंप लाथेनं उलथवलं. दुसरंही उलथवलं. मग तो आत धावला. स्वच्छ खारं पाणी घरात एकाच ठिकाणी होतं, त्याच्या स्वतःच्या टाकीत. त्यानं नळी लावून अर्धी टाकी उपसली. मासे उरलेल्या पाण्यात एका कोपऱ्यात दाटले. टब तीनदा धुतला, ते पाणी भरलं, पाण्यातलं विष शोषायला कोळशाच्या पिशव्या सोडल्या, वीज नव्हती म्हणून बॅटरीवरचा पंप लावला आणि फूल दोन्ही तळव्यांवर घेऊन आत ठेवलं. त्याची दोन बोटं तळहातालाच चिकटून राहिली. कुशाबा जिन्यातून उतरून आले होते. उलथलेली पिंपं त्यांनी पाहिली, शैलेशचा चेहरा पाहिला.

"तुरटीनं?" त्यांनी विचारलं.

शैलेशनं मान डोलावली.

"अरारारा," एवढंच म्हणून ते पायरीवर बसले आणि सुलक्षणा येईपर्यंत उठले नाहीत.

तिला शैलेशनं सगळं सांगितलं. दोघं टबाशी बसून राहिले. एकदा वाटलं, तोंड मिटतंय. शैलेशनं तिचा हात आवळला. मिटत नव्हतं, आत कोसळत होतं.

सकाळी पडवीचं दार उघडल्याबरोबर वास आला. त्या वासानंतर बघण्यासारखं काही नसतं. तरी शैलेशनं पाहिलं, हात घालून पाहिलं. बोटांमधून फूल पेजेसारखं निसटलं.

दहाची गाडी वेळेवर आली. अण्णासाहेब पडवीत आले आणि टबावर झाकण पाहून थांबले.

"गेलं, काका," शैलेश म्हणाला.

अण्णासाहेबांनी भिंतीला हात लावला. त्यांनी विचारलं, "कशानं?"

जिन्यावर कुशाबा उभे होते. दारात सुलक्षणा होती. ती पुढे होऊन म्हणाली, "काका, त्याचं असं—"

"सुलक्षणा, चहा ठेव," शैलेश म्हणाला. मग अण्णासाहेबांकडे वळून त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "माझ्या हातून झालं. औषधाची मात्रा मी वाढवली. घाबरून दुप्पट केली. त्याला ती सोसली नाही."

या दिवसांत कुणी ऐकला नव्हता असा अण्णासाहेबांचा आवाज निघाला.

"कुणी सांगितलं होतं तुला वाढवायला? कम्प्युटरवर चार ओळी वाचल्या की झाला डॉक्टर? विश्वासानं दिलं होतं मी! हात धरून सांगितलं होतं, एवढं जगव! चार वर्षं माझ्या पोरानं हातानं भरवलं त्याला, आणि तू... तुला काहीच कसं रे वाटलं नाही?"

शैलेश खाली मान घालून उभा होता. अण्णासाहेब बोलत होते, थांबत होते, पुन्हा बोलत होते. मग बोलता बोलता ते धुण्याच्या दगडावर बसून ढसाढसा रडू लागले. चितेपाशी ते रडले नव्हते. माणसं तेव्हा म्हणाली होती, म्हातारा आतल्या आत कुढून जाईल.

कुशाबा जिन्यावरून खाली आले. ते काहीतरी बोलणार असं शैलेशला वाटलं. पण त्यांनी नुसता पाण्याचा तांब्या अण्णासाहेबांच्या पुढे ठेवला आणि मागे सरकले.

चहा कुणी घेतला नाही. अण्णासाहेब उठले, पंच्यानं तोंड पुसलं, पिशवी घेतली. "मी आता यायचा नाही इकडं," ते म्हणाले. "तूही पौडला येऊ नकोस. तुला बघितलं की मला हेच दिसेल."

"बरं, काका."

अमोघ गेला आणि आता हे दारही गेलं. शैलेश त्यांच्या मागे फाटकापर्यंत चालत गेला. त्यांनी कडी उघडली, एक पाय रस्त्यावर ठेवला आणि तसेच थांबले. मागे वळले तेव्हा डोळ्यांतला राग गेला होता. दुसरंच काहीतरी होतं तिथे, आणि ते बघून शैलेश मनातून हादरला.

"पाण्याचं तर काही नव्हतं ना रे?" त्यांनी हळू विचारलं. "पाणी मी बघत होतो."

"नाही काका," शैलेश लगेच म्हणाला. "पाणी एकदम नितळ होतं. इतकं चांगलं पाणी मला कधी जमलं नसतं."

अण्णासाहेबांनी मान डोलावली. "तेच म्हटलं. एकतीस वर्षं केलंय मी हे." त्यांनी पिशवीत हात घालून पंच्याच्या तुकड्यात बांधलेला खडा काढला आणि पुढे केला. "ही ठेव. माझ्याकडे आता कशाला लागते? तुमच्याकडे नळाला गढूळ येतं पावसात. जोरात फिरवायची नाही. सात-सात वेळा."

शैलेशनं तुरटी दोन्ही हातांनी घेतली.